त्रेपन्नाव्या दरवाजाची किल्ली कुणाकडे?

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, कधी गेला आहात? या गावाला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. औरंगजेबाने १६८२ मध्ये गावाभोवती तट बांधला. उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, असे दरवाजे ठेवले. त्यातले काही आजही उभे आहेत. पण दरवाजा असतो कशासाठी? कुणाला आत घ्यायचं, हे आपण ठरवावं म्हणून!

आता याच गावातल्या, सिडकोतल्या एका घरात डोकावूया. समजा, हे तुमच्या मामाचं घर. मामाने आज नवा बल्ब आणलाय. साधासुधा नव्हे, स्मार्ट! मोबाईलवर सांगाल तो रंग दाखवणारा. खोकं उघडलं, बल्ब बसवला. आता रंग बदलेल? छे! आधी अ‍ॅप घ्या. मग खातं उघडा. नाव सांगा, फोन नंबर सांगा, ईमेल सांगा. वर अ‍ॅप विचारतं, ‘तुम्ही कुठे आहात ते पाहू का?’

आजी म्हणते, “अगंबाई! दिवा लावायचाय की रेशनकार्ड काढायचंय?”

हसू नका हं. आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

अशा पुष्कळशा यंत्रांचं काम कसं चालतं, पाहा. मामा मोबाईलवर बोट टेकवतो. तो निरोप इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तो संगणक दूर परदेशातही असू शकतो. तिथे मामाचं खातं तपासलं जातं आणि मग हुकूम उलट्या पावली घरी येतो, ‘दिवा लाव!’ चार हातांवरच्या दिव्यासाठी केवढा हा प्रवास! यात सोय आहेच. मामा पैठणला गेला तरी तिथून घरचा दिवा मालवू शकतो. पण दिवा कधी लागला, कधी मालवला, याची नोंद कंपनीकडे राहू शकते. महिनाभराच्या नोंदी जुळवल्या, तर तुम्ही किती वाजता उठता आणि घर कधी रिकामं असतं, हे कुणालाही कळेल. ही झाली एका दिव्याची गोष्ट. कॅमेरा आणि बोलका स्पीकर आला, की मग विचारूच नका!

स्पीकर आपलं नाव कानावर पडायची वाट पाहतो आणि मग पुढचं बोलणं बहुधा कंपनीकडे पाठवतो. लहान मुलांच्या आवाजाच्या अशा नोंदी गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्या, असा आरोप अमेरिकेच्या सरकारने अ‍ॅमेझॉनवर केला. कंपनीने तो मान्य केला नाही. पण २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. जर्मनीने तर २०१७ मध्ये कायला नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदीच घातली. का? तिच्यातून कुणीही घरातलं बोलणं चोरून ऐकू शकलं असतं!

आणखी एक गंमत, खरं तर पंचाईत. कंपनीने आपला संगणकच बंद केला तर? घरातली यंत्रं चालवणारा रिव्हॉल्व नावाचा डबा २०१६ मध्ये असाच निकामी झाला. डबा धडधाकट होता, पण हुकूम देणारं कुणी उरलं नव्हतं.

आपल्याकडे याबद्दल काय आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दाद मागणारे होते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. त्या नऊ जणांत आपले नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडेही होते. पुढे २०२३ मध्ये संसदेने माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात म्हटलंय, की १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आई-बाबांची संमती हवी. तेव्हा खातं उघडताना खोटं वय टाकू नका. तो कायदा तुमच्याच बाजूचा आहे!

मग ही यंत्रं घेऊच नयेत का? तसं नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला न उठता दिवा लावता आला, तर चांगलंच की! फक्त आई-बाबांबरोबर बसून एवढं करा:

१. एखाद्या दिवशी इंटरनेट जाईल (जातंच!), तेव्हा वाय-फायचा डबा चालू असूनही कोणतं यंत्र मोबाईलचं ऐकत नाही, ते वहीत लिहा. त्याची किल्ली घराबाहेर आहे, असं समजा.

२. दुकानात आधीच विचारा, “खातं न उघडता चालेल का?”

३. बल्बच्या अ‍ॅपला तुमच्या मित्रांचे फोन नंबर कशाला हवेत? नको ती परवानगी बंद करा.

४. कारखान्यातून आलेला पासवर्ड लगेच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असे न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे ताब्यात घेतले होते.

५. यंत्र भंगारात देण्याआधी त्यातली माहिती पुसा आणि खातंही बंद करा.

संभाजीनगरात एक रंगीन दरवाजाही आहे. तुमच्या घरचा त्रेपन्नावा दरवाजा खुशाल रंगीबेरंगी असू द्या. किल्ली मात्र आजीच्या कमरेलाच बरी!