झिंग्याच्या ‘इम्युनिटी’ची बाटली

शेततळं असलेला कुणी भेटला की हल्ली ऊस-डाळिंबाचं झाल्यावर गाडी झिंग्यावर येते. मग ठरलेलं वाक्य: “झिंगा वाढंना साहेब, इम्युनिटी कमी पडलीय. बूस्टर टाकायला सांगितलंय.” पूर्वी समजावून सांगायचो. आता चिडचिड होते.

झिंग्याला आपल्यासारखी प्रतिकारशक्ती नसते. त्याच्या अंगात अँटिबॉडी तयार होत नाहीत, त्यामुळे ‘रोग एकदा येऊन गेला, आता नाही येणार’ हेही विसरा. त्याचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं आणि त्यातल्या पेशी हीच त्याची फौज. बाहेरचं काही घुसलं की त्या गोळा होऊन वेढा घालतात, वर मेलॅनिनचा काळा थर चढवतात. ताप नाही, लाली नाही. त्याचा दाह काळ्या डागात दिसतो.

वाढ खुंटवण्यात सर्वांत कुप्रसिद्ध परजीवी म्हणजे ईएचपी. 2009 साली थायलंडमधून त्याचं नामकरण झालं. बुरशीच्या गोतावळ्यातला हा सूक्ष्मजीव झिंग्याच्या पचनग्रंथीच्या पेशीतच घर करतो. फौज रक्तात, चोर माजघरात! पेशीचीच ऊर्जा वापरून तो बीजाणू तयार करतो. पेशी गळून पडतात, पचन बिघडतं आणि व्हिब्रिओ जिवाणूंना वाट मोकळी होते. आहे तो प्रतिकारही पोखरला जातो तो असा. बीटा-ग्लुकनसारख्या घटकांनी रक्तपेशी चेततात, हे प्रयोगांत दिसलंय; नाकारत नाही. पण ईएचपीवर खात्रीचा उपचार नाही. शिवाय चेतलेल्या पेशींतली रसायनं झिंग्याच्या स्वतःच्या अंगालाही भाजतात.

ईएचपीच्या उपद्रवाची ही अतिशयोक्ती वाटत असेल तर चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा 2021 मधला अंदाज पाहा: एकट्या ईएचपीने देशाचं वर्षाला सुमारे 4,000 कोटींचं नुकसान.

मग शंका सुरू होतात. अँटिबायोटिक? ते जिवाणूंसाठी, क्लोरॅम्फेनिकॉलसारख्यांवर तर बंदीच आहे. ‘समुद्राकडचा रोग, सोलापुरात कुठला?’ कमी क्षाराच्या पाण्यातही लागण होते आणि बीजाबरोबर तो कुठेही पोचतो. ‘मेले नाहीत, म्हणजे रोग नाही’? ईएचपी मारण्यापेक्षा खुंटवतो जास्त. एकाच तळ्यात लहान-मोठे झिंगे आणि पाण्यावर तरंगणारे विष्ठेचे पांढरे धागे दिसले की तपासणी करा. खाणाऱ्याला धोका? माणसाला ईएचपी झाल्याची नोंद नाही, नीट शिजवून खा.

बूस्टरच्या बाटलीचे पैसे मात्र खिशातच ठेवा. बीज सोडण्याआधी त्याच खेपेचा ईएचपीचा पीसीआर अहवाल हॅचरीकडे मागा. नसेल तर पिशव्या न उघडता परत पाठवा.