डी अँड डीमध्ये कॅरेक्टरला कोणतं ‘टूल’ द्यायचं?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं कॅरेक्टर मोबाईलवर बनवताना क्लास निवडायला आपण तासभर घालवतो. ‘आर्टिझन्स टूल्स’चा ड्रॉपडाऊन आला की मात्र दिसेल ते दाबून पुढे जातो. मीही तेच केलं. ड्वार्फ म्हटल्यावर बिअर बनवायचं सामान घेतलं आणि चार महिन्यांत ते एकदाही वापरलं नाही!

यादीत १७ टूल्स आहेत. त्यात सगळ्यांचा डोळा असतो लोहारकामावर. स्वतःचं प्लेट आर्मर बनवायचं, भारीच ना? आता हिशोब करा. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकनुसार वस्तूच्या किमतीला १० ने भागलं की लागणारे दिवस मिळतात. प्लेट आर्मर १,५०० सोन्याच्या नाण्यांचं. म्हणजे एकट्याने १५० दिवस, वर ७५० नाण्यांचा कच्चा माल. तुमची गोष्ट रोज एका गुहेतून दुसऱ्या गुहेत पळत असेल, तर हे कधी होणार? म्हणून आधी डीएमला विचारा, मोहिमांच्या मधे मोकळा वेळ मिळणार आहे का?

नसेल, तर सेशनमध्येच उपयोगी पडेल असं टूल घ्या. माझं मत स्वयंपाकाच्या भांड्यांना. हसू नका. अन्नात विष आहे का, हे त्यांनी ओळखता येतं. त्यासाठी १५ किंवा जास्त यायला हवेत. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकचा विस्डम +३ आणि प्रोफिशियन्सी +२ धरली, तर फाशावर १० पुरतात, म्हणजे ५५ टक्के शक्यता. त्याच चेकला तुमचं एखादं स्किलही लागू पडतं असं डीएम म्हणाला, उदाहरणार्थ मेडिसिन, तर ॲडव्हान्टेज मिळतो. दोन फासे टाकायचे, मोठा आकडा घ्यायचा. शक्यता थेट ८० टक्क्यांच्या आसपास! राजाच्या मेजवानीत हा फरक जिवावरचा असतो.

हाच हिशोब बाकीच्या टूल्सना लावा. प्रत्येकाची ॲबिलिटी ठरलेली आहे. अल्केमीला इंटेलिजन्स, लोहारकामाला स्ट्रेंग्थ. बारीक अंगाच्या विझार्डने हातोडा घेऊन काय करायचं? त्याला कॅलिग्राफीचं सामान द्या, त्यातून स्पेल स्क्रोल बनवता येतात. तेवढा वेळ डीएमकडून मागून घ्या.