आज मीटिंग कुठे आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘आता बस्स, सोडतो मी दारू,’ असं माणूस बहुधा सकाळी म्हणतो. रात्रीचा तमाशा झालेला असतो, बायको बोलत नसते, मुलं नजर चुकवत असतात. त्या वेळी तो खरंच मनापासून बोलत असतो. पण संध्याकाळ झाली की पाय पुन्हा गुत्त्याकडे वळतात. म्हणून त्या सकाळी घरच्यांच्या हाताशी एक माहिती तयार हवी. आज जवळपास मीटिंग कुठे आहे आणि किती वाजता?

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, ज्याला सगळे नुसतं ‘ए.ए.’ म्हणतात. तिचा जन्मच मुळी अशा शोधाशोधीतून झाला. 1935 सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच अॅक्रन गावी आले होते. त्यांची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसलं. हॉटेलात एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यांनी गावातल्या चर्चची यादी पाहून फोन लावायला सुरुवात केली. मागणी काय? ‘मला इथला एखादा दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय.’ फोनवर फोन करत अखेर गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांशी. पंधरा मिनिटं बसतो म्हणालेले डॉक्टर काही तास बसले. कारण समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचीच हकीकत सांगत होता. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जून 1935 रोजी. तोच ए.ए.चा स्थापनादिन. मुंबईत हे काम 1957 साली सुरू झालं.

आता आपल्या गावातली मीटिंग शोधायची कशी? रस्त्यावर पाटी दिसेलच असं नाही. शाळेचा एखादा वर्ग, चर्चचा हॉल, समाजमंदिर अशा जागी संध्याकाळी मंडळी जमतात. ए.ए.ची वेबसाइट आणि हेल्पलाइन आहे. तिथे गावाचं नाव सांगितलं की जवळचा गट कळतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. केंद्र सरकारची 14446 ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे. फोनवर तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. मीटिंग मराठीत आहे की हिंदी-इंग्रजीत? सर्वांसाठी खुली आहे की फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी? आणि दिवस व जागा अजून तीच आहे ना? गटांच्या जागा बदलतात. लांबून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो पुन्हा येईलच याची खात्री नाही. 2020च्या टाळेबंदीपासून फोनवरून भरणाऱ्या मीटिंगाही वाढल्या. आडगावच्या माणसाला ही मोठी सोय झाली. माझ्या मते मात्र पहिल्या दिवशी तरी समक्ष जावं.

आत काय होतं, याची धास्ती फार असते. फी नाही. आडनाव, नोकरी, पत्ता कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. बोललंच पाहिजे असंही नाही, मागे बसून ऐकलं तरी चालतं. खर्चासाठी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो त्यात टाकतो. बाहेरची देणगी ए.ए. घेतच नाही. ईश्वराचा उल्लेख येतो, पण तो कोणता हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपल्याकडे तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांना माळेइतकीच दिंडीतली सोबत सांभाळते, असं मला वाटतं.

सोबतीचा हा उपयोग केवळ भाबडेपणा नव्हे. 2020 साली ‘कॉक्रन’ या वैद्यकीय पाहणी करणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास एकत्र तपासले. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतके, काही वेळा अधिकच गुणकारी दिसले.

एक गोष्ट मात्र मीटिंगने होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर हात थरथरतात, झोप उडते. काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो आणि जिवावरही बेततं. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्या, गरज पडल्यास दाखल करा. मीटिंग त्याच्या बरोबरीने चालू द्या. आणि जाहिराती वाचून भाजीत गुपचूप औषध कालवू नका. त्यातल्या काही औषधांवर दारू पोटात गेली की रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

तो तयारच नसेल तर? मग घरच्यांनी आपल्यासाठी जावं. दारुड्यांच्या नातेवाइकांचे ‘अल-अॅनॉन’ गट वेगळे असतात. बिल यांच्या पत्नी लॉइस यांनी 1951 साली ते उभे केले. तिथे नवऱ्याला सोबत न्यावं लागत नाही, त्याने दारू सोडलेली असावी अशी अटही नाही. त्याचा पत्ताही ए.ए.च्या मीटिंगमध्ये विचारला तर सहसा मिळतो.