घर फुकेतला, मुक्काम व्हिसावर

थायलंड पाहून आलेल्या मंडळींच्या बोलण्यात हल्ली एक बेत हमखास येतो: रिटायर झालं की तिकडेच छोटासा फ्लॅट घ्यायचा आणि निवांत राहायचं. समुद्र आहे, खाजगी इस्पितळं उत्तम आहेत, रोजचा खर्च आवाक्यात आहे. पण या बेतात प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे उतारवयाची सगळी पुंजी जाणार असते. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे, तिकडे घर घेतलं की राहण्याचा हक्क मिळतो. तसं होत नाही. मालमत्तेची नोंद लँड ऑफिस करतं, मुक्कामाची परवानगी इमिग्रेशन देतं, आणि साध्या फ्लॅटच्या मालकीला तिथे काही वजन नसतं. निवृत्त म्हणून राहायचं तर वय किमान ५० हवं आणि थाई बँकेत ८ लाख बाट (आपले वीस लाख रुपयांहून अधिक) किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. ही परवानगी एका वर्षाची असते. बँकेचा मार्ग धरला, तर मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ते ८ लाख खात्यात तसेच हवेत. एरवीही शिल्लक ४ लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे निम्मी रक्कम कायमची अडकली, हे धरूनच हिशोब मांडायचा. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि या व्हिसावर नोकरी करता येत नाही. निवृत्तांसाठी दहा वर्षांचा एक व्हिसा आहे, पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. भारतीयांना खुला असलेला दहा वर्षांचा दुसरा व्हिसा वर्षाला ८० हजार डॉलर उत्पन्न मागतो, किंवा ४० हजार डॉलर उत्पन्न आणि वर अडीच लाख डॉलरची गुंतवणूक. आपल्याकडच्या किती पेन्शनरांना हे झेपेल?

दुसरा गैरसमज बंगल्याचा. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. अपवाद फार थोडे आणि कोट्यवधींच्या गुंतवणुकीचे. फ्लॅट मात्र घेता येतो. १९७९च्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. तो कोटा भरला की संपलं, म्हणून बयाणा देण्याआधी कोटा शिल्लक असल्याचं इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र मागायचं.

कोटा भरलेला असला की एजंट दोन वाटा सुचवतात. पहिली कंपनीची: थाई भागधारक नावापुरते उभे करायचे आणि कंपनीच्या नावावर जमीन घ्यायची. ‘सगळेच करतात’ हे वाक्य इथे ऐकू येतं. १९९९च्या परदेशी व्यवसाय कायद्यात अशा नावापुरत्या भागीदारीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख बाटपर्यंत दंड आहे. गोव्यात काही परदेशी नागरिकांनी अशाच आडवाटेने घरं घेतली आणि नंतर ईडीच्या नोटिसा आल्या, हे आपण पाहिलं आहे. तिकडे त्या परदेशी माणसाच्या जागी आपण असू. दुसरी वाट भाडेपट्ट्याची. ती कायदेशीर आहे, पण घराच्या जागेचा पट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचाच होतो. जाहिरातीतल्या ९० वर्षांपैकी उरलेली ६० हे फक्त आश्वासन असतं. साठीच्या माणसाला ३० वर्षं पुरतीलही. मुलांना मागे ठेवायला मात्र त्यात काही नसतं.

जागा कुणाची हे पाहायला आपल्याकडे सातबारा काढतो, तिकडे चानोत पाहतात. वर लाल गरुडाचं चिन्ह असलेलं हे मालकीपत्र सर्वांत भक्कम मानलं जातं. ते उलटून मागची बाजू जरूर पाहावी, कारण गहाण, पट्टे, हस्तांतरणं यांच्या नोंदी तिथे असतात. मजकूर सगळा थाई भाषेत असतो. वकील आपला आपण लावावा. बिल्डरने दिलेला वकील बिल्डरचाच.

पैसे पाठवण्याबद्दलही बरंच गैर पसरलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत दर माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि घरासाठी कुटुंबीयांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो जादा कर समजून लोक घाबरतात, पण विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. रक्कम मात्र परकीय चलनातच तिकडे पोहोचायला हवी आणि तसा थाई बँकेचा दाखला हवा. त्याशिवाय लँड ऑफिस फ्लॅट नावावर करत नाही. हवालाने पैसे नेणाऱ्याचा फ्लॅट इथेच अडतो, गुन्हा वेगळाच. भारतात करनिवासी असेपर्यंत ते घर दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं. भाडं येत नसलं तरीही. न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.

‘तिकडे पेन्शनवर कर नाही’ हेही पूर्ण खरं नाही. वर्षात १८० दिवस राहिलात की थायलंडचे करनिवासी झालात, आणि १ जानेवारी २०२४पासून मिळालेलं परदेशी उत्पन्न तिकडे आणलं तर ते करपात्र ठरू शकतं. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. सनदी लेखापालाला तो आधीच दाखवून घ्यावा.

स्वस्ताईचं म्हणाल तर भाजी-भाडं स्वस्त असेलही. पण तिथली सरकारी आरोग्य योजना निवृत्त परदेशी माणसासाठी नाही, आणि सत्तरीनंतर आरोग्यविम्याचा हप्ता आवाक्याबाहेर जायला लागतो. माझ्या मते हा आकडा घराच्या किमतीआधी काढायला हवा.

माझा आग्रह एकच: पहिलं वर्ष भाड्याने राहा, आणि तेही डिसेंबर सोडून. चिआंग माईला मार्चमध्ये जा, तेव्हा शेतं आणि जंगलं जळत असतात आणि धुराने श्वास कोंडतो. फुकेतला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात राहा. तरीही तिथे राहावंसं वाटलं, तर कोट्याचं पत्र मागायला जा.