पाणावलेले, तरीही कोरडे डोळे

अहिल्यानगरच्या आडते बाजारात सकाळी पोत्यांची चढउतार सुरू झाली की मिरची-हळदीची धूळ हवेत उठते. कापड बाजारातील दुकानांत दिवसभर पंखा किंवा वातानुकूलन यंत्र चालू असते. सायंकाळी हिशेबाची वेळ झाली की पूर्वी खतावणी उघडली जाई. आता संगणकाचा पडदा उजळतो. अशा दिनक्रमात चाळिशी ओलांडलेल्या अनेकांची तक्रार एकच असते : डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, जळजळते, पाणी वाहते, आणि अक्षर क्षणभर धूसर होऊन पापणी लवताच पुन्हा स्पष्ट होते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘उष्णता झाली’, आणि गुलाबपाण्याची बाटली पुढे करतात.

वाहणारा डोळा कोरडा कसा असेल, असे कोणालाही वाटेल. उत्तर पापणीच्या कडेला आहे. अश्रू म्हणजे केवळ पाणी नव्हे. डोळ्याला चिकटून राहणारा श्लेष्म, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ थर, अशी त्याची रचना असते. हे तेल पापण्यांच्या आत उभ्या रांगेत बसलेल्या ग्रंथींमधून येते. वरच्या पापणीत अशा सुमारे २५ ते ४०, तर खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. जर्मन वैद्य हाइन्रिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात.

थंडीत बरणीतले तूप थिजते, तसे या ग्रंथींतील तेल घट्ट होते आणि तोंडे बुजतात. तेलाचे आवरण गेले की पाणी झपाट्याने सुकते, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरीला उत्तर म्हणून नुसते पाणी वाहू लागते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. तेल बाहेर ढकलण्याचे कामच मग थांबते. पापणीच्या कडेला फेस व चिपडे येणे किंवा वारंवार रांजणवाडी होणे, या त्याच दुखण्याच्या खुणा होत.

उपचाराचा पाया घरातच आहे. मात्र त्याला नियम हवा. पाणी उकळून सोसवेल इतके गरम राहू द्यावे, मनगटावर थेंब टाकून पाहावा आणि स्वच्छ सुती रुमाल पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवावा. रुमाल दोनेक मिनिटांत निवतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा बुडवून शेक आठ ते दहा मिनिटे चालू ठेवावा. नंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, पापणीच्या केसांच्या दिशेने हलकेच चोळावी. बुबुळावर दाब देऊ नये. शेवटी ओल्या कापसाने कड पुसावी. प्रारंभी दिवसातून दोनदा, पुढे एकदा. प्रत्येकाचा रुमाल वेगळा असावा. गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि नेमके येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पुढे चार दिवस बरे वाटले की शेक बंद होतो आणि दुखणे परतते.

याला जोड म्हणून वैद्यकीय सल्ल्याने परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रू वापरावेत. मात्र लाली घालवणारे थेंब दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो. काजळ पापणीच्या आतील कडेला लावल्याने ग्रंथींची तोंडे बुजतात. मध, तूप, गुलाबपाणी डोळ्यांत घालणे टाळावे.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. कोणीतरी माशाच्या तेलाच्या गोळ्या सुचवतो, आणि त्या घेणे आपल्याला शक्य नसते. त्याविषयी खंत बाळगण्याचे कारण नाही. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ५३५ रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम माशाच्या तेलातील ओमेगा-३ दिले गेले, इतरांना ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांत सुधारणा दिसली; परंतु माशाच्या तेलाने अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. जवसाची चटणी आहार म्हणून अवश्य खावी, पण तिला औषध समजून शेक सोडू नये. कोणतीही मऊ गोळी लिहून दिल्यास तिचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

घरगुती उपायांनी भागत नसेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तेथे पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून अश्रूंचे प्रमाण मोजतात आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो तेही पाहतात. तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे, दृष्टी अचानक मंदावणे, तोंडही कोरडे पडून सांधे दुखणे, किंवा उतारवयात पापणीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येणे, यांपैकी काहीही असल्यास विलंब करू नये. आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने उभे असलेले रुग्णालय याच शहरात आहे. जिल्ह्यातील कुटुंबांना नेत्रतपासणीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज नाही.

पेढीवर रोजमेळ एक दिवस चुकला तर आपल्याला झोप लागत नाही. डोळ्यांसाठी दहा मिनिटांचा शेकही त्याच नेमाने रोजच्या नोंदीत असावा.