पाण्यातली बॅटरी टिकाऊ कशी होईल?

डिंभे धरणाचे पाणी आले, घोड नदीकाठी ऊस वाढला आणि उसात बिबट्याही रुळला. म्हणूनच आंबेगाव-जुन्नरचे शेतकरी पिकाला पाणी द्यायला दिवसा वीज मागतात. सौरपंपाने भरणे दिवसा उरकते. पण गोठ्यावर रात्रभर दिवा हवा, तर वीज साठवावीच लागते. शिशाची बॅटरी जड आणि विषारी. लिथियम-आयन बॅटरीतला द्राव पेट घेऊ शकतो. जस्ताचे क्षार पाण्यात विरघळवून केलेल्या बॅटरीचा द्राव मात्र पेटत नाही.

तिच्या धन इलेक्ट्रोडसाठी वीजवाहक पॉलिमर वापरता येते. प्लॅस्टिकही वीज वाहू शकते, हे १९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवले. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या कुळातले पॉलिअॅनिलिन स्वस्त आहे आणि आपली अवस्था रंगाने सांगते: विद्युतभार उतरला की फिकट पिवळे, वीज उत्तम वाहत असताना हिरवे, अति चार्ज झाले की निळे-जांभळे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने याच तीन रूपांचे पातळ थर तयार करून ते सुपरकपॅसिटर या वीज साठवणाऱ्या साधनासाठी तपासले.

अडचण टिकण्याची आहे. चार्ज होताना आयन पॉलिमरच्या साखळ्यांत शिरतात, डिस्चार्ज होताना बाहेर पडतात. फुगून-आकसून थर भेगाळतो, धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ भेगाळतो तसा. शिवाय पॉलिअॅनिलिनला आम्ल लागते. द्रावातले आम्ल कमी झाले की त्याची वाहकता घटते. अति चार्ज केले तर साखळ्याच तुटू लागतात.

उपायही या कारणांतूनच निघाले. साखळीलाच सल्फॉनिक आम्लाचे गट जोडले की आम्लता जागेवर राहते. कार्बनच्या कापडावर किंवा नॅनोनलिकांवर पातळ, सच्छिद्र थर चढवला की फुगायला जागा मिळते आणि वीजही सहज वाहते. व्होल्टेजला मर्यादा घातली की साखळ्या वाचतात.

अशा बॅटरीचा एक घट एक व्होल्टच्या आसपास दाब देतो आणि ही बॅटरी वजनाच्या मानाने लिथियमपेक्षा कमी ऊर्जा साठवते. मोबाइलला ती चालणार नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवायच्या बॅटरीला वजनाची अडचण नाही. तिथे सुरक्षितता, किंमत आणि आयुष्य महत्त्वाचे. म्हणून संशोधकांनी पहिल्या दिवशीच्या क्षमतेवर समाधान मानू नये. डिंभ्याच्या पावसाळी दमटपणात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात असे संच वर्षानुवर्षे चालवून पाहावेत. शेतकऱ्याच्या उपयोगाची कसोटी तीच आहे.