भिंतीवरून दालनात

चित्र म्हटले की चौकट, काच व खिळा यांची आठवण होते. परंतु चित्रकलेचे जुने घर भिंत हेच होय. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरील डहाणू, तलासरी या भागात वारली लोकांची वस्ती आहे. त्यांची घरे कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली. लग्नकार्य निघाले म्हणजे भिंतीस गेरू लावावयाचा आणि तिच्यावर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहावयाचा, ही त्यांची रीत. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की कुंचली तयार! चौकात पालघट देवी विराजते; भोवती झाडे, पशुपक्षी व तारप्याच्या सुरावर फेर धरणारी माणसे असतात. दोन त्रिकोण टोकास टोक लावून जोडले की माणसाचे धड सिद्ध होते. पुढे नव्या सारवणाखाली हे चित्र नाहीसे होई. त्याचा खेद कोणी करीत नसे. कारण ते शोभेसाठी नव्हे, तर शुभकार्यासाठी लिहिलेले असे.

मग ही चित्रे कागदावर कशी आली? १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर गेले व त्यांनी तेथे कागद आणि रंग पुरविले. गंजाड गावी त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. बालपणी आई निवर्तल्याच्या धक्क्याने जिव्यांची वाचा गेली होती. कित्येक वर्षे ते धुळीत आकृती काढूनच मनोगत सांगत. लग्नकार्य नसतानाही ते नित्य चित्रे काढीत. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली. पुढे ती परदेशी पोहोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निधन पावले.

पुढे न्यूयॉर्कमध्येही असेच घडले. रस्त्यांवरील भिंती रंगविणारा ज्याँ-मिशेल बास्किया हा तरुण १९८२ पर्यंत कलादालनांत पोहोचला होता.

दालनात चित्र टिकते, चित्रकारास नाव व मोबदला मिळतो, हा मोठाच लाभ होय. परंतु चौकाखाली कोणा सुवासिनीचे नाव कधी लिहिले गेले नाही. म्हणून दालनातील चित्र पाहताना त्यामागची भिंत आणि पिठाने माखलेले ते हातही आठवावेत.